पुण्याहून आठ जण, आठ बाइक: लडाखचा आराखडा तपासून द्याल का?

घाटवाट

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघायचे आहे. येण्याजाण्याचा रेल्वेप्रवास धरून सगळ्यांना १७ दिवसांची रजा आहे. बाइक अशा: हिमालयन ४११ चार, क्लासिक ३५० दोन (२०२१ नंतरच्या), पल्सर २२० एक आणि एक जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट ३५०. दोघांच्या मागे पिलियन.

बाइक रेल्वेने चंडीगडला पाठवायच्या. पुढे मनाली, पहिला मुक्काम सरचू, दुसऱ्या दिवशी लेह, एक दिवस आराम, मग नुब्रा, पँगाँग, हानले, उमलिंग ला आणि परत श्रीनगरमार्गे जम्मू, असा कच्चा आराखडा आहे.

प्रश्न: (१) दिशा आणि मुक्काम बरोबर आहेत का? (२) जुन्या बुलेटचे काय करावे? (३) कोणते सुटे भाग आणि किती पेट्रोल सोबत घ्यावे? (४) रेल्वे पार्सलला काय लागते? (५) एवढा गट रस्त्यावर कसा सांभाळायचा?

धारकरी

घाटवाट, आराखडा उलटा करा. बाकी सगळे दुरुस्त करता येईल, पण मनालीहून थेट सरचू हा मुक्काम आधी खोडा.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, सरचू ४,२९० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची सव्वादोन हजार मीटरने वाढते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य नियम. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर शरीर सहसा ते सहन करते. त्रास रात्री झोपेत वाढतो, कारण तेव्हा श्वास उथळ होतो. सरचूची दुसरी अडचण अशी की तिथून कुठेही निघायचे तर आधी वर चढावे लागते: एकीकडे सुमारे ४,९०० मीटरची बारालाचा खिंड, दुसरीकडे नकी ला आणि लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड). रात्री दोन वाजता कोणाची तब्येत बिघडली तर त्याला लवकर खाली नेण्याची वाटच नाही.

श्रीनगरकडून गेलात तर झोपण्याची उंची अशी चढते: श्रीनगर १,५८५, कारगिल २,६७६, लेह ३,५००. झोजिला ३,५२८ आणि फोटू ला ४,१०८ मीटर आहेत, पण दोन्ही दिवसा ओलांडून तुम्ही खाली येता. बाइक जम्मूलाच पाठवा.

दिवस असे पडतील. रेल्वेचे दोन. तिसऱ्या दिवशी जम्मूत बाइक सोडवणे. मग श्रीनगर, कारगिल, लेह. लेहमध्ये दोन पूर्ण दिवस, त्यातला पहिला खरोखर आरामाचा. त्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. नंतर खारदुंग ला ओलांडून नुब्रातले हुंदर. खिंड ५,३५९ मीटर, पण हुंदर लेहपेक्षा खाली आहे, म्हणून पहिली मोठी खिंड या बाजूची ठेवायची. दुसऱ्या दिवशी श्योक नदीकाठच्या रस्त्याने पँगाँग, मग चांग लामार्गे लेह. एक दिवस बाइकच्या कामासाठी आणि राखीव. परतीला लेह ते सरचू, सरचू ते मनाली, मनाली ते दिल्ली किंवा चंडीगड, आणि रेल्वेचे दोन. झाले १७.

हानले आणि उमलिंग ला यात बसत नाहीत. उमलिंग ला ५,७९८ मीटर आहे आणि त्यासाठी हानलेला, ४,३०० मीटरवर, निदान दोन रात्री लागतात. राखीव दिवस काढून ते घुसवू नका. ऑगस्टअखेरीस जम्मू-श्रीनगर रस्त्यावर किंवा मंडी-मनाली पट्ट्यात दरड आली की एक दिवस सहज जातो.

परतीला सरचू का ठेवले, असे कोणी विचारेल. तोवर आठवडाभर तीन-साडेतीन हजार मीटरवर झोपून शरीर सरावलेले असते. शिवाय लेहहून थेट सरचूच्या पुढचे जिस्पा गाठायला निघालात तर बारालाचाच्या पलीकडचे, झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले दुपारी उशिरा लागतात, नेमके बर्फ वितळून पाणी चढलेले असते तेव्हा. सरचूहून पहाटे निघालात तर तेच पाणी निम्मे असते. बऱ्याच ठिकाणी आता पूल झाले आहेत, तरी एखादा वाहून गेला की पुन्हा पाण्यातूनच जावे लागते. सप्टेंबरच्या मध्यानंतर सरचूचे तंबू उठू लागतात, तुमच्या तारखा त्याच्या आतल्या आहेत.

उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल: ॲसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, ही नेहमीची प्रतिबंधक मात्रा. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गर्भावस्था असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. बाकीच्यांनीही विचारूनच घ्यावे. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, हे अपेक्षितच आहे. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्याच उंचीवर थांबायचे, वर जायचे नाही. सरळ रेषेत टाच-पाऊल चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली. औषध, ऑक्सिजन, विश्रांती यांपैकी काहीही उतरण्याला पर्याय नाही. पँगाँगला असे झाले तर चांग लाकडे जाऊ नका, ती खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तांगत्सेमार्गे श्योकच्या काठाने नुब्रात उतरा, त्या वाटेवर उंच खिंड नाही.

दुकानात मिळणारे दहा लिटरचे ऑक्सिजनचे डबे मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतात. त्यावर भिस्त ठेवू नका. लेहहून पुढे जाताना रेग्युलेटर आणि मास्कसकट खरा सिलिंडर भाड्याने घ्या.

तेराचा_पाना

धारकरींनी माणसांचे सांगितले, मी इंजिनाचे सांगतो.

पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. ताकद त्याच प्रमाणात पडते. फ्युएल इंजेक्शनवाल्या बाइकमध्ये सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो, त्यामुळे हिमालयन आणि नवी क्लासिक नुसती मंदावतात. कार्ब्युरेटर मात्र विरळ हवेतही जवळपास तेवढेच पेट्रोल सोडतो. मिश्रण गच्च होते, काळा धूर येतो, प्लगवर काजळी बसते आणि सकाळी बाइक सुरू होत नाही.

जुन्या बुलेटसाठी: पुण्यातच मेन जेटच्या (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) एक आणि दोन आकडे लहान अशा दोन जेट विकत घेऊन ठेवा. लेहला पोहोचल्यावर लहान जेट बसवा. कार्ब्युरेटरच्या सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे सुई खाली बसेल आणि मिश्रण पातळ होईल. आयडलिंग किंचित वाढवा. मनालीत उतरल्यावर हे सगळे पूर्ववत करायला विसरू नका. पातळ मिश्रणावर सपाटीला ८०च्या वेगाने पळवलीत तर इंजिन तापून पिस्टन धरू शकतो. पल्सर २२० कार्ब्युरेटरची असेल तर तिलाही हेच लागू. एअर फिल्टर काढून बाइक चालवण्याचा सल्ला वाटेत हमखास मिळेल. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते, ती सिलिंडरमध्ये गेली की रिंगा संपल्या. फिल्टर रोज झटका, पण काढू नका.

या प्रवासात सर्वात जास्त जळतात त्या क्लच प्लेट. ताकद कमी, चढ तीव्र, मागे पिलियन, पुढे अडकलेला ट्रक, आणि चालक अर्धा क्लच धरून बाइक रेटत राहतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चढत नसेल तर पिलियनला उतरून पन्नास पावले चालू द्या. जळका वास आला की थांबून वीस मिनिटे थंड होऊ द्या. निघण्याआधी प्लेट अर्ध्याहून जास्त झिजल्या असतील तर बदला. लिव्हरला ठरलेला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) हवाच, ताणलेली केबल क्लच कायम थोडा सुटा ठेवते.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी, आठवडाभर आधी नव्हे: चेन-स्प्रॉकेटचा सेट, दोन्ही ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल डॉट-४ नवे, कोन सेट (हँडलची बेअरिंग), चाकांची बेअरिंग, आऱ्यांचा ताण, बॅटरीचा लोड टेस्ट. मग ५०० किलोमीटर चालवा, ताम्हिणी-वरंधाचे घाट करा, सामान लादून. नव्या कामातली चूक तेवढ्यात उघडी पडते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात पाणी मुरलेले असते. लांब उतारावर ते उकळते आणि लिव्हर मऊ पडते. उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवून इंजिनाने बाइक धरा.

सुटे भाग गटाचे मिळून घ्या, पण बाइकच्या जातीप्रमाणे. प्रत्येक जातीसाठी क्लच केबल एक, थ्रॉटल केबल एक, क्लच आणि ब्रेक लिव्हर एकेक, क्लच प्लेटचा एक सेट, पुढचे-मागचे ब्रेक पॅड, प्लग (कार्ब्युरेटरवाल्यांना दोनदोन), चेनची लिंक, फ्यूज. नवी केबल जुनीच्या शेजारून ओवून टेपने बांधून ठेवा, तुटली की फक्त टोके जोडायची. ट्यूब: हिमालयनसाठी २१ आणि १७ इंची प्रत्येकी दोन. २१ची ट्यूब अडीअडचणीला मागच्या चाकात घालता येते, तात्पुरतीच. टायर लिव्हर तीन, ठिगळे, रबर सोल्यूशनच्या दोन ट्यूब (उघडलेली वाळते), १२ व्होल्टचा पंप आणि एक हातपंप. एमसील, तांब्याची तार, झिप टाय, दोन लिटर इंजिन ऑइल.

टायरची हवा: वर गेल्यावर बाहेरचा दाब घटतो, म्हणून मापकावर हवा सहासात पीएसआय वाढलेली दिसायला हवी, पण थंडीमुळे त्यातली चारेक कमी होते. म्हणून खिंडीत उगाच हवा सोडत बसू नका. लेहला सकाळी टायर थंड असताना एकदा मोजा आणि पुस्तकातल्या आकड्याला आणा.

पेट्रोल: परतीला लेहजवळच्या कारूच्या पंपानंतर तांदीच्या पंपापर्यंत सुमारे ३३० किलोमीटर. वाटेत नवा पंप दिसला तर उत्तम, पण हिशेबात धरू नका. क्लासिकची १३ लिटरची टाकी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज २८ धरा, म्हणजे ३६४. वाट चुकायला फारसे काही उरत नाही. प्रत्येक क्लासिक आणि बुलेटला ५ लिटरचा कॅन, हिमालयनला दोघांत एक. नुब्रा-पँगाँग फेरीतही दिस्कितला टाकी आणि कॅन काठोकाठ भरा, तिथून पँगाँग करून कारू साधारण ३०० पडते. कॅन मात्र दहा टक्के रिकामा ठेवा आणि उंचीवर झाकण हळू उघडा, आत वाफ कोंडलेली असते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कोणीही नेऊ नये.

मालडबा

रेल्वेचे सांगतो. दोन प्रकार आहेत. तिकीट असेल तर बाइक ‘लगेज’ म्हणून तुमच्याच गाडीने जाऊ शकते. नसेल तर ‘पार्सल’, ती जागा असेल त्या गाडीने जाते आणि कधी पोहोचेल याची हमी नसते. झेलम एक्सप्रेस पुण्याहूनच सुटते, म्हणून चढवायला वेळ मिळतो. मधल्या स्टेशनवर दोन मिनिटांच्या थांब्यात आठ बाइक कोणी चढवणार नाही. तारखा ठरवण्याआधी गाडी जम्मू तावीपर्यंत धावते आहे याची खात्री करा.

आठही बाइक एकाच दिवशी लगेज व्हॅनमध्ये बसतील असे धरू नका. पार्सल कार्यालयात आठवडाभर आधी भेटा, निम्म्या बाइक चार दिवस आधी पार्सलने पाठवा. कागद: आरसी आणि विम्याची प्रत, ओळखपत्र, तिकीट. टाकी पूर्ण रिकामी. नळीतलेही काढा, वास आला तर परत पाठवतात. आरसे, पिशव्या, मोबाइल होल्डर काढून ठेवा. पेंढा आणि गोणपाटाने बांधणी स्टेशनबाहेर करून मिळते. टाकी, हेडलाइट आणि सायलेन्सरला जाड थर द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून-कुठे हे दोन ठिकाणी लिहून बांधा, शिवाय टाकीवर मार्करने. हँडल लॉक करू नका, ढकलता न आल्यास उचलून आपटतात. पोहोचल्यावर लवकर सोडवा, ठरलेल्या वेळेनंतर तासाप्रमाणे आकार लागतो. पहिल्या पंपापर्यंत जायला बाटलीऐवजी तोच रिकामा कॅन घेऊन रिक्षाने जा.

घाटवाट

मनापासून आभार. दिशा उलटी करतो, हानले काढले. दोघांच्या बाइक भावाच्या नावावर आहेत, चालेल का? आणि क्रमांक पाचबद्दल कोणी सांगेल?

पुढची_खिंड

भावाच्या नावावरची बाइक ही खरी अडचण आहे. लेहच्या बाइक भाड्याने देणाऱ्यांच्या संघटना बाहेरून भाड्याने आणलेल्या बाइक नुब्रा-पँगाँगकडे जाऊ देत नाहीत, आणि आरसीवर दुसऱ्याचे नाव दिसले की आधी तोच संशय येतो. आडनाव एक असेल तर बहुधा निभावते. तरी मालकाचे संमतीपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि नाते दाखवणारा एखादा कागद मूळ आरसीसोबत ठेवा. पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून पावतीच्या पाचसहा छापील प्रती प्रत्येकाकडे असाव्यात. बाहेरची प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, निदान चौघांकडे पोस्टपेड हवे, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवर निरोप पाठवणारी उपकरणे परवानगीशिवाय आणू नका, त्यावर गुन्हा दाखल होतो.

गटासाठी: आठचे चार-चार करा. प्रत्येक चौकडीत पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या मागे सर्वात मंद बाइक, शेवटी हत्यारे आणि प्रथमोपचार पेटी असलेला. जुनी बुलेट दुसऱ्या क्रमांकावर असली की वेग आपोआप तिचा राहतो. दोन्ही पिलियनवाले एकाच चौकडीत नकोत. फाट्यावर पुढच्याने थांबायचे, मागचा आरशात दिसला की निघायचे, एवढा एक नियम पाळला तर कोणी हरवत नाही. परतीच्या वाटेवर दारच्या गावाच्या अलीकडे बराच पट्टा नेटवर्क नाही, म्हणून सकाळीच तीन थांबे ठरवा आणि पुढच्या थांब्यावर पाऊण तासात कोणी आले नाही तर दोघे परत फिरणार, हेही आधीच ठरवा. कोण दोघे, तेसुद्धा.

नाला ओलांडताना आधी एखादा ट्रक जाऊ द्या, त्याच्या चाकांवरून खोली कळते. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. पिलियन चालत किंवा दुसऱ्या गाडीतून. पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडले आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत पोहोचले असेल तर स्टार्टर दाबू नका. ढकलून बाहेर काढा, प्लग काढून इंजिन फिरवा, पाणी उडून जाऊ द्या. एकावेळी एकच बाइक पाण्यात, बाकीच्यांनी हेल्मेट घालून पण हातमोजे काढून काठावर उभे राहायचे.

आणखी एक, जम्मूला पोहोचण्यापूर्वीच ठरवा: लेहमधल्या दुसऱ्या संध्याकाळी ज्याला बरे वाटत नसेल तो खारदुंग ला करणार नाही, आणि त्याच्यासोबत कोण थांबेल. तिथे पोहोचल्यावर हा विषय काढला की कोणीच खरे सांगत नाही.