दहा मिनिटांत 86 चा टोन? मग आम्ही एवढी वर्षं काय भाकऱ्या भाजत होतो?

खर्जातली तार :
परवा इथं फोरमवर 'नॉब दहावर' यांनी लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हणणं असं : लॅपटॉप, साधा ऑडिओ इंटरफेस, फुकटचा न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्यात मेसा बूगी मार्क टू-सी-प्लस या अ‍ॅम्पचं नेटवरून उतरवलेलं कॅप्चर, म्हणजे त्याच्या आवाजाचा ठसा. झालं, दहा मिनिटांत मेटॅलिकाच्या 1986 च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा गिटारचा टोन घरात. वर फोडणी, "ट्यूब अ‍ॅम्पसाठी पैसे साठवणारे म्हातारे अजून रेडिओच्या जमान्यात आहेत."

म्हातारा म्हटल्याचं दुःख नाही. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा जुना अ‍ॅम्प, तो माझ्याकडेही नाही. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहतो, खाली घरमालक. चार स्पीकरचा कॅबिनेट आणला तर दुसऱ्या दिवशी कॅबिनेट आणि मी दोघं रस्त्यावर. मीही तोच मॉडेलर वापरतो. भांडण त्या दहा मिनिटांशी आहे.

तो टोन उतरवून घ्यायचा नसतो, दोनदा वाजवायचा असतो. त्या रेकॉर्डवर डावीकडे एक ऱ्हिदम आहे, उजवीकडे दुसरी, आणि दोन्ही गिटारी मेटॅलिकाच्या हेटफिल्डने वेगवेगळ्या वाजवल्यात. दोन वेळच्या वाजवण्यात जो केसभर फरक राहतो, तोच कानाला भिंतीएवढा रुंद वाटतो. मी सुरुवातीला काय केलं? एकदाच वाजवलं, ट्रॅक कॉपी केला, 20 मिलिसेकंद सरकवला, एक डावीकडे, एक उजवीकडे. हेडफोनवर स्वर्ग! मग तेच मित्राच्या दुकानातल्या एका स्पीकरच्या डब्यावर लावलं. गिटार पाइपातून आल्यासारखी पोकळ. दोन्ही बाजू एकत्र आल्या की एकमेकींना खातात, दर 50 हर्ट्‌झला एक खड्डा. आपल्या रस्त्यांसारखंच.

दुसरं, गेन, म्हणजे आवाज फाडायचा नॉब. दोन गिटारींचा मिळून जो राग ऐकू येतो तो सगळा एकाच ट्रॅकमध्ये कोंबायला गेलात तर पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेली तार) ओल्या पोत्यावर काठी हाणल्यासारखा येतो. मी तीन महिने गेन नऊवर ठेवून बसलो होतो. पाचवर आणला, पुढं ट्यूब स्क्रीमर पेडल लावला, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, तेव्हा कुठं खर्ज आवळला गेला. आणि तुम्ही ज्याला गिटारचा दणका म्हणता तो निम्मा बेसचा असतो. बेस न वाजवता "टोन पातळ येतोय" म्हणून रडणाऱ्यांनी आधी बेस उसना आणावा.

नॉब दहावर :
म्हातारे म्हटलं ते लागलं वाटतं. बरं, मुद्द्याला मुद्दा.

गेन कमी हा देवाचा नियम नाही. 1990 चं एन्टूम्ड बँडचं 'लेफ्ट हँड पाथ' ऐका, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतलं. बॉसचा एचएम-टू पेडल, सगळे नॉब शेवटपर्यंत. माझं नाव उगाच नाही ठेवलेलं. बेसचं म्हणाल, तर मेटॅलिकाच्याच 1988 च्या अल्बमवर बेस शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. तरी त्याच टोनवर लोक आजही जीव टाकतात. ट्यूबचं म्हणाल, तर पँटेराचा गिटारवादक डाइमबॅग रँडलचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वाजवायचा. तुमचे तिन्ही नियम पडले.

आणि ज्या पहिल्या ब्लॅक सॅबथने हे सगळं सुरू केलं, तो अल्बम जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला. दहा मिनिटांवर हसताना तेवढं लक्षात ठेवा.

खर्जातली तार :
ट्यूब पाहिजेच असं मी कुठं म्हटलंय? न म्हटलेला नियम पाडून काय मिळवलंत? एचएम-टू मात्र मान्य. पण तिथं ते करवतीसारखं करकरणं हेच हवं होतं. तुम्ही शीर्षकात 'पपेट्स' लिहिलं होतं, एन्टूम्ड नव्हे. 88 च्या अल्बमला बेस नाही म्हणून तो तसा वाळलेला वाटतो, आणि गेली कित्येक वर्षं लोक त्याच कारणासाठी भांडतायत. माझ्या बाजूचा पुरावा तुम्हीच आणून दिलात, आभार.

सॅबथचा अल्बम एका दिवसात झाला तो त्यांनी आधी गावोगाव वाजवून हात बसवला होता म्हणून.

पोटासाठी पुण्यात :
तुम्ही दोघं खोलीबद्दल बोलतच नाही. मी सोलापुरात असताना माझ्या खोलीत चारी भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या होत्या. खिळे ठोकले, दोरी, चिमटे. बाहेर आवाज शून्य, आत स्टुडिओ. इथं पुण्यात लोक फोमच्या तुकड्यांना हजारो रुपये मोजतात, मला हसू येतं.

अशोकचौकी :
काय सांगलालास बे, बाहेर आवाज शून्य? आमचं घर यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. आईने पंधरा वर्षं त्या बाजूच्या खिडकीला चादर लावली, दुहेरी घडी करून. सकाळी माग सुरू झाला की ताटातली शेंगा चटणी थरथरते. चादरीने आवाज थांबला असता तर आमच्या चार पिढ्या नीट झोपल्या असत्या की ओ.

आणि तुझी चादर सोलापुरी होती कशावरून? आधी लेबल बघ. जॅकार्डची, सुती, दोन्हीकडून फुलं नीट दिसणारी, हातात घेतली की वजन कळणारी, ती सोलापुरी. आता बाहेरून पॉलिस्टरचा हलका माल येतो, त्यावर आपलं नाव छापतात आणि स्टँडजवळ निम्म्या भावात विकतात. जीआय मानांकन मिळालं म्हणून पेढे वाटले होते, त्याचं पुढं काय झालं? आमच्या गल्लीतले माग भंगारात गेले. तू त्या नकली मालाचा स्टुडिओ बांधलास आणि वर पुण्याला हसलालास.

पोटासाठी पुण्यात :
गिटारच्या धाग्यात मागाचं रडगाणं! आईने घेतलेली चादर होती, नकली कशाला असेल? आणि फरक पडत होता, मी स्वतः ऐकलाय. खोलीतला घुमारा गेला होता.

जुना व्हॉल्व्ह :
दोघंही अर्धे बरोबर, म्हणजे दोघंही चूक. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. चादर खोलीतला चरचरीत घुमारा शोषते, म्हणून आत टाळी वाजवली तर बरं वाटतं. अडवायला वजन लागतं, म्हणजे वीट, वाळू, जाड दार. गिटारची जाड ई तार 82 हर्ट्‌झ, त्या आवाजाची लांबी चार मीटरच्या वर. त्याला तुमची चादर म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. भिंतीपासून वीतभर पुढं टांगली तर थोडं अजून खाली काम करते. भिंतीला चिकटवून काही नाही.

नॉब दहावर :
एक विचारू? गिटार थेट इंटरफेसमध्ये, कॅबिनेटच्या जागी आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सची फाइल. रेकॉर्डिंगमध्ये खोली येतेच कुठं? आयआरमध्ये स्पीकर आहे, माइक आहे, कुणाच्या तरी चांगल्या स्टुडिओची हवाही आहे. कॅबिनेट नसेल तर डिस्टॉर्शन म्हणजे डब्यात कोंडलेल्या मधमाश्या, कारण बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं स्वतःच छाटतो. अ‍ॅम्प बदलण्यापेक्षा आयआर बदलून जास्त फरक पडतो. चादर पांघरून झोपा सगळे.

अशोकचौकी :
मी माइक लावून रेकॉर्ड करतो. पंधरा वॅटचा छोटा अ‍ॅम्प, पुढं एसएम-57. स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर धरला तर दात आंबतात, बोटभर कडेला सरकवला की आवाज भरतो. ते सरकवताना जे कान तयार होतात ते तुझ्या आयआरच्या यादीत नाहीत. तू चारशे आयआर उतरवून बसलालास, वाजवतोस कधी?

नॉब दहावर :
पंधरा वॅटच्या डब्यासमोर 57 म्हणजे हातगाडीला अलॉय व्हील.

अशोकचौकी :
डबा म्हणू नको बे. तो काकाने घेऊन दिलाय. काकाचं करंगळीशेजारचं बोट मागात गेलं, त्याची जी रक्कम मिळाली त्यातून. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट मला त्यानेच विचारली होती, "तुझ्या त्या माणसाचं पण बोट गेलं होतं म्हणे?" सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बँजोच्या पातळ तारा लावल्या, पुढं 1971 मध्ये 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'ला बऱ्याच गाण्यांत तारा तीन स्वर उतरवल्या. तुम्ही लोक ज्याला कॅप्चर म्हणता त्याच्या मुळाशी एक तुटलेलं बोट आहे.

आमच्या शेजारचा जुना माग मी मेट्रोनोमला लावून बघितला, मिनिटाला 118 ठोक्यांना बसतो. त्यावर रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) बसवलाय. सगळ्या टेकमध्ये मागं माग ऐकू येतो, काढायचा नाही असं ठरवलंय.

पोटासाठी पुण्यात :
बँजोच्या तारा म्हणजे आपल्या गणपतीतल्या बँजोच्या?

जुना व्हॉल्व्ह :
नव्हे हो. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. तो अमेरिकन, कातड्याचा. आणि तीन स्वर नव्हे, तीन सेमिटोन, म्हणजे पेटीवर ईपासून सी शार्पपर्यंत, काळी-पांढरी सगळी मोजून. पण आपल्या बँजो पार्टीचा टोन कुणी नीट ऐकलाय का? पिकअप लावलेला बँजो, पुढं मिरवणुकीचा अ‍ॅम्प, वर भोंगा, सगळं फाटेपर्यंत. एचएम-टू यायच्या आधीपासून मी ते अ‍ॅम्प उघडतोय, दर गणपतीनंतर.

खर्जातली तार :
धागा माझा आहे याची आठवण करून देतो. आता आलाच आहात तर व्हॉल्व्हकाका, एक अडचण सोडवा. गेन वाढवला की घूं येते. तारांना हात लावला की कमी होते.

जुना व्हॉल्व्ह :
चार्जर काढून बॅटरीवर लॅपटॉप चालवून बघा. गेली तर चार्जर. नाही गेली तर जुनी चोकची ट्यूबलाइट, खिडकीखालची मोटर, किंवा घराचं अर्थिंग. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा टाकून दोन बादल्या पाणी ओता.

खर्जातली तार :
पाणी पाच दिवसाआड येतंय. घरमालकाला सांगू, की मेटलच्या टोनसाठी दोन बादल्या खड्ड्यात ओतायच्यात? बरं झालं ट्यूब अ‍ॅम्प घेतला नाही, निदान सामान तरी घरात आहे. (बॅटरीवर घूं गेली. धन्यवाद.)

नॉब दहावर :
रविवारी रिफ वाजवून टाकलाय, वर लिंक दिली. आता बोला.

खर्जातली तार :
ऐकला. दोनदा ऐकला, एकदा त्याच दुकानातल्या डब्यावर. फुटला नाही. डावी-उजवी वेगवेगळी वाजवलेली आहे, आणि खाली बेसही आहे. म्हणजे आमचं वाचलंत.

नॉब दहावर :
वाचलं नाही. योगायोग.

खर्जातली तार :
असू दे. गेन किती होता?

नॉब दहावर :
साडेपाच. हाही योगायोग.

खर्जातली तार :
आणि वेळ? दहा मिनिटं?

नॉब दहावर :
चार रात्री. कॅप्चर निवडायला दहा मिनिटंच लागली, त्यावर मी ठाम आहे. दुसरी बाजू पहिलीवर बसेना. तिसऱ्या रात्री सगळं जमलं होतं, तर अडीचला आई ओरडली, "पाणी आलं!" तो टेक तसाच ठेवलाय, शेवटच्या कॉर्डवर मोटरचा आवाज आहे.

अशोकचौकी :
रिफ बरा आहे. उजवीकडची दुसऱ्या ओळीत पुढं पळते. डबा म्हटल्याबद्दल अजून काही बोलला नाहीस.

नॉब दहावर :
डबा मागे घेतो. अलॉय व्हील ठेवतो. तुझा मागावरचा रिफ टाक की, 118 वाला.

अशोकचौकी :
टाकतो. पण पुण्याच्या पाव्हण्यानं लेबल बघितलं का, ते आधी सांगा.

पोटासाठी पुण्यात :
आईला फोन करून कपाटातून काढायला लावली. फोटो आलाय. शंभर टक्के पॉलिस्टर.

अशोकचौकी :
आम्ही सांगितलं होतं की ओ.