धावताना दुखापत, मग योगासनं: तुमचे अनुभव लिहा

घाटवाट
आज पहाटे यवतेश्वर घाटात पोरंपोरी सराव करताना दिसली. सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की घाट असा पहाटेच जागा होतो. २०१२ पासून ही शर्यत आहे: आधी घाट चढायचा, मग तोच उतरायचा. त्यांना बघून माझा उजवा गुडघा आठवला.

चढाला काही नाही. उतार लागला की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी कळ. आयटी बँड. खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा पट्टा. गुडघा साधारण ३० अंश वाकला की तिथे दाब वाढतो, म्हणून उतारावर जास्त दुखतं. फिजिओनी सांगितलं, हा पट्टा फारसा ताणला जात नाही, खुब्याच्या स्नायूंकडे बघा. मावशी पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जायची, तिने तिच्या बाईंकडे नेलं. सुप्त पादांगुष्ठासन तिथे शिकलो. पाठीवर झोपून तळव्याला योगाचा कापडी पट्टा, पाय सरळ वर, मग तोच पाय हळूहळू पलीकडच्या बाजूला. खुब्याच्या बाहेर असा ताण बसला की इतकी वर्षं हा भाग किती आखडलाय ते तेव्हा कळलं. जोडीला सेतुबंध, वृक्षासन, आणि कुशीवर झोपून पाय उचलणं (हे फिजिओचं). पावसाळाभर धावणं बंद. दिवाळीनंतर सपाटीवर सुरू केलं, उतार सगळ्यात शेवटी.

योगामुळे मी परत धावू शकलो असं मी मनापासून मानतो. तुमचं लिहा.

अनुजा_नाशिक
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. माझी टाच. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकवलं की डोळ्यांत पाणी. प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं. उठायच्या आधीच ओढणी तळव्याला अडकवून पंजा आपल्याकडे ओढायचा, अर्धा मिनिट, दोनतीनदा. मग वज्रासनासारखं पण बोटं जमिनीला टेकवून टाचांवर बसणं, हे सुरुवातीला अजिबात सोसत नाही, हात पुढे टेकून वजन कमी ठेवा. अधोमुख श्वानासनात एकेक टाच आळीपाळीने खाली. आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. महिने लागतात ग बायांनो, धीर सोडू नका. झाली शिट्टी

रानपाखरू
यवतेश्वर म्हटलं की मला खाली आल्यावरचे कंदी पेढेच आठवतात

घाटवाट
@रानपाखरू या कधीही, पेढे माझ्याकडून

फिजिओ_करवीर
चांगला धागा. एक कळकळीने सांगते. बसल्यावर जिथे हाड टेकतं तिथे, नितंबाच्या तळाशी दुखत असेल, गाडी चालवताना वाढत असेल, तर पश्चिमोत्तानासन, उत्तानासन करून ती शीर ताणू नका. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा तिथे हाडाला चिकटतो, आणि पुढे वाकलं की तो हाडावर दाबला जातो. लोकांना वाटतं आखडलंय म्हणून दुखतंय, रोज जोर लावून वाकतात आणि रोज थोडं जास्त दुखतं. अशांना मी आधी सेतुबंध धरून ठेवायला लावते, दोन पायांवर, मग एका पायावर. वाकणं खूप नंतर.

विनू_पाटील_भरती
नमस्कार सर्वांना. पोलीस भरतीची तयारी करतोय, १६०० मीटर. डांबरी रस्त्यावर पळतो. दोन्ही नडग्या दुखतात आतल्या बाजूनी. मित्र म्हणतो रोज पोटऱ्या ताण, बरं होईल. करू का

फिजिओ_करवीर
@विनू आधी एक बघ. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरव. वीतभर लांबीत सगळीकडे दुखतं, की एकाच जागी, नाण्याएवढ्या? रात्री झोपेत ठणकतं का?

हिमवाट
मिशिगनहून. इथे हिवाळ्यात धावणं ट्रेडमिलवर, माझी अकिलीस (टाचेमागची जाड शीर) त्यातच दुखावली. योगाचा वर्ग लावला, छान वाटायचं, पण टाचेची शीर तशीच. फरक पडला तो पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याने. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेली पद्धत: १५ वेळा, असे ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. मात्र शीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नये, सपाटीवरच करावं. योगाने काय दिलं? थांबायला शिकवलं. आधी दुखलं की मी वेग वाढवून बघायचो.

मालतीकाकू
आमच्या सासूबाईंचे गुडघे फार दुखतात वय ७८. त्यांना यातलं काय चालेल

अनुजा_नाशिक
काकू, आधी डॉक्टरांना दाखवा हो. माझ्या आईला खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायला सांगितलंय, तिला बरं वाटतं. मांडी घालून बसायला लावू नका

मालतीकाकू
त्या ऐकत नाहीत, पूजेला खालीच बसतात

अनुजा_नाशिक
आमच्याकडेही तेच. देवघर टेबलावर आणलं शेवटी

सागरगोटा
धावायच्या आधी सूर्यनमस्कार घालावेत की नंतर? आमच्या गटात यावर रोज वाद

घाटवाट
मी आधी घालतो. सूर्यनमस्कारात थांबत नाही आपण, अंग गरम होतं. पण एकच ताण मिनिटभराच्या वर धरून लगेच पळायला गेलं तर तेवढ्यापुरती स्नायूची ताकद कमी पडते. धरून ठेवायची आसनं धावून आल्यावर किंवा संध्याकाळी. भिंतीला पाय लावून विपरीत करणी तर रोज, त्याशिवाय मला झोप लागत नाही.

रानपाखरू
पट्टा कुठून घेतला? ऑनलाइन दिसतायत ते बकलवाले घसरतात म्हणे

अनुजा_नाशिक
कशाला विकत, जुन्या सुती साडीची पट्टी घे. रेशमी नको, ती निसटते. आसनात आधाराला घेतात त्या विटेऐवजी दोन जाड पुस्तकं बांधून

विनू_पाटील_भरती
ताई बघितलं. डाव्या पायाला सगळीकडे दुखतं. उजव्याला एकाच जागी, दाबलं की जीव जातो. काल रात्री पण ठणकत होतं

फिजिओ_करवीर
@विनू उजव्या पायावर आजपासून पळणं बंद, उड्या बंद, ताणणंही नको. हाडाला बारीक तडा असू शकतो. उद्या तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि ऐक, सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्सरेमध्ये तडा दिसत नाही पुष्कळदा. एक्सरे चांगला आला तरी दुखणं असंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचार त्यांना. हे खरं निघालं तर सहाआठ आठवडे विश्रांती, पण त्यातून पोरं पूर्ण बरी होऊन पळतात.

विनू_पाटील_भरती
भरती निघाली तर काय करू ताई. वय पण निघून चाललंय

हिमवाट
विनू, तडा असताना पळून पूर्ण मोडला तर वर्ष जाईल मित्रा. आधी दाखव.

घाटवाट
विनू, डॉक्टरांनी परवानगी दिली की हात, पोट, कंबर यांचं काम चालू ठेवता येईल. गोळाफेकीचे गुणही आहेतच की. आणि परत सुरू करशील तेव्हा डांबरावर नको. गावात मातीचं मैदान आहे का?

विनू_पाटील_भरती
शाळेचं आहे दादा. पावसात चिखल होतो पण दिवाळीपर्यंत वाळतं. उद्या सकाळच्या एसटीने जातो दाखवायला

फिजिओ_करवीर
जा. काय म्हणाले ते इथे लिही, मी बघते.