मदत हवी आहे: घर लवकर विकायचंय, आधी ओल काढावी की किंमत कमी करावी?

दोन खोल्यांचं घर साठ दिवसांत विकायचं आहे. कागदपत्रं तयार आहेत. कर्ज किती बाकी आहे हे बँकेकडून लेखी मागवलंय. मूळ कागद बँकेत अडकले की गिऱ्हाईक ऐन वेळी मागे फिरतं.

अडचण आहे भिंतीची. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर जमिनीपासून हातभर ओल चढली आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, नखाने खरवडलं की पांढरी भुकटी पडते. वरून नुसता रंग मारला तर डाग पुन्हा उमटणार, आणि लपवाछपवी दिसली की सगळ्याच घराबद्दल शंका येते. नीट करायचं म्हणजे पाइपची गळती शोधणं, फरशीच्या सांध्यांत ग्राउट (सांधे बुजवायचा मसाला) भरणं, ओलीच्या वर फूटभर गिलावा तासणं, भिंत वाळू देणं, मग नवा गिलावा. वाळण्यातच आठवडे जातात.

तर, सगळं काम उरकून जाहिरात द्यावी, की गळती तेवढी बंद करून, बाकी खर्चाचं लेखी कोटेशन दाखवून तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी? जाहिरात नवी असतानाच चौकशी जास्त येते, म्हणून आकडा आधीच पक्का करायचाय. मागाहून उतरवला की घासाघीस वाढते. आणि एकाच एजंटला काम द्यायचं तर मुदत किती ठेवावी?