'मिड-ओशन रिज'ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाच्या भाषांतरात अडकलोय. 'भूपट्ट जिथे मिळतात तिथे मिड-ओशन रिज कशी घडत जाते' असं वाक्य आहे. शाळेच्या पुस्तकात 'जलमग्न पर्वतरांग' वाचलं होतं, काही ठिकाणी 'मध्य-महासागरी कटक' दिसतं. कटक म्हटलं की मला फौजच आठवते. काय वापरावं?

—

'कटक' संस्कृतात डोंगराच्या कडेलाही म्हणतात, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. फक्त वाचकाला तो लागत नाही. पण माझा आक्षेप 'मिळतात'वर आहे. ते वाचून दोन पट्ट एकमेकांवर आदळताहेत असंच वाटतं. इथे ते एकमेकांपासून दूर जातात, ही अपसारी सीमा. दूर सरणाऱ्या पट्टांखालची जागा भरायला प्रावरणाचा तापलेला खडक वर येतो आणि दाब उतरल्यामुळे थोडासा वितळतो. त्यासाठी वेगळी उष्णता लागत नाही. तोच शिलारस वर येऊन थिजतो आणि नवा सागरतळ होतो. 'भूपट्ट जिथे एकमेकांपासून सरकतात' असं करा.

—

वरच्याशी सहमत. 'पर्वतरांग'बद्दल मात्र माझी कुरकुर आहे. हा शब्द ऐकला की हिमालयासारखे वळीपर्वत डोळ्यांसमोर येतात. रिज दाबामुळे उचलली गेलेली नाही, ती गरम म्हणून फुगलेली आणि उंच. माथा सरासरी २,५०० मीटर खोलीवर असतो. तिथून बाजूला गेलेला तळ थंड होतो, घट्ट होतो आणि खाली बसतो: १ कोटी वर्षांत सुमारे किलोमीटरभर, ४ कोटी वर्षांत साधारण त्याच्या दुप्पट. म्हणजे उतार हा डोंगराचा उतार नसून तळाच्या वयाचा आलेख आहे. हे एकदा कळलं की 'पर्वत' शब्द खटकायला लागतो.

शिवाय सगळ्या रिज सारख्या दिसतही नाहीत. अटलांटिकमधली वर्षाला २ ते ५ सेंटिमीटर रुंदावते. ती खडबडीत आहे आणि माथ्यावर खोल खचदरी आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक मेरी थार्प यांना ही दरी ध्वनिमापनाच्या नोंदींवरून काढलेल्या छेदांमध्ये सापडली. पूर्व पॅसिफिकमधली कितीतरी वेगाने, काही ठिकाणी वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत पसरते. तिथे शिलारस भरपूर, त्यामुळे दरीऐवजी सरी-वरंब्यातल्या वरंब्यासारखा गुळगुळीत फुगवटा. इंग्रजीतही तिला रिज न म्हणता राइज म्हणतात, ते उगीच नाही. म्हणून माझं मत 'महासागरी उंचवटा'ला.

—

उंचवटा फार मिळमिळीत वाटतो हो. जवळपास ६५,००० किलोमीटर लांब गोष्टीला उंचवटा?

—

लांबीपुरती 'रांग' ठेवा, 'पर्वत' गाळा. 'महासागरी रांग'. आणि 'मध्य' तर नक्कीच गाळा. अटलांटिकमध्ये रिज खरंच मधोमध आहे, कारण दोन्ही काठांचे खंड तिच्यापासूनच फुटून दूर गेले आणि काठांवर तळ गिळला जाण्याचं प्रमाण नगण्य. पॅसिफिकमध्ये रिजच्या पूर्वेकडचा फॅरलॉन पट्ट अमेरिकेखाली शिरत गेला. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी रिजच उत्तर अमेरिकेच्या काठाला येऊन भिडली, आणि तिथे पट्ट एकमेकांना घासत जाऊ लागले. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियासचा प्रस्तरभंग त्यातूनच आला. म्हणजे रिज जन्मते, सरकते, कधी गिळलीही जाते.

उलट फसवणूक आपल्या हिंदी महासागरात. नव्वद पूर्व रिज नावाने रिज, पण ती उष्णस्थानावरून (जिथे खोलातून शिलारस वर येत राहतो) पट्ट सरकत गेल्याने उमटलेली ज्वालामुखींची माळ. खरी पसरणारी रिज म्हणजे कार्ल्सबर्ग. भाषांतरात दोन्हींना एकच शब्द लावू नका.

—

मग 'भूपट्ट जिथे एकमेकांपासून सरकतात, तिथे महासागरी रांग कशी घडत जाते' असं करतो आणि पहिल्या उल्लेखात पुढे 'मिड-ओशन रिज' देतो. 'मिळतात'बद्दल लेखकाला कळवतो, मूळ वाक्यातच घोळ आहे.