व्याप्त प्रदेशात आपले लोक वसवणं युद्धगुन्हा का धरावा?

नौपाडाकर
युद्धात जिंकलेल्या प्रदेशात आपले नागरिक नेऊन वसवू नयेत, असं चौथ्या जिनिव्हा कराराचं (१९४९) कलम ४९ सांगतं. १९९८च्या रोम संविधीने (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभं आहे तो करार) तो युद्धगुन्हा ठरवला, थेट नेलं काय किंवा आडमार्गाने काय. रस्ता, पाणी, सवलती, पहाऱ्याला लष्कर दिलं की लोक आपोआप जातात. इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकेत हेच चाललंय. बॉम्बफेक कधीतरी थांबते, पण तिथे जन्मलेली दुसरी पिढी उठवायची कशी? म्हणून मी हा गुन्हा फार गंभीर मानतो.

टेंभीनाका
पटत नाही. ठाण्यातलं सिनेगॉग १८७९चं. आमच्या शेजारची बेने इस्रायली (मराठी ज्यू) कुटुंबं इस्रायलला गेली, ती काय गुन्हेगार? ते कलम नाझींनी सक्तीने माणसं हलवली त्यावरून आलं. इथे लोक राजीखुशीने जातात.

नौपाडाकर
बेने इस्रायली मुख्यतः अश्दोद, डिमोना, लोद इथे स्थिरावले. ही गावं व्याप्त प्रदेशात नाहीतच. आणि गुन्हा वसवणाऱ्या सत्तेचा, घर घेणाऱ्याचा नव्हे. सक्तीचा मुद्दा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्येच निकालात काढला: उत्तेजन देणंही निषिद्ध. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी आपल्याच सरकारला हे लेखी कळवलं होतं.

उलवेकर
मग आमचं काय? नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आमच्यासाठी कुठलं कलम?

नौपाडाकर
दादा, तुमच्यावरचा अन्याय खराच, तो कुणी झाकू नये. पण तुम्हाला मतदानाचा हक्क होता, दि. बा. पाटलांसारखा माणूस तुम्ही आमदार-खासदार करून पाठवलात, लढून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळवलेत. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनजवळचा पॅलेस्टिनी शेतकरी ज्या लष्कराच्या हुकमाखाली राहतो, त्यामागच्या सरकारसाठी त्याला मतदान करता येत नाही. तो दि. बा. कुठून आणणार?

उलवेकर
हे मान्य. तरी साडेबारा टक्क्यांसाठी आमच्या लोकांना किती खेटे घालावे लागले, तेही लिहा कधी.

वाशी_सतरा
नेहमी इस्रायलच का? तुर्कस्तानने उत्तर सायप्रसमध्ये, मोरोक्कोने पश्चिम सहारात, रशियाने क्रिमियात लोक वसवले. त्यावर धागा निघत नाही. शिवाय इस्रायल, अमेरिका, भारत यांपैकी कुणीच रोम संविधीत नाही.

नौपाडाकर
तुर्कस्तान, मोरोक्को, रशिया यांनाही हाच नियम लावा, माझी ना नाही. पॅलेस्टाईन मात्र २०१५ पासून रोम संविधीत सदस्य आहे. गुन्हा त्या भूमीवर घडला की फौजदारी न्यायालयाला अधिकार येतो. २०२१ पासून तपास सुरू आहे.

टेंभीनाका
जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणालं, सगळ्या वसाहतवासीयांना हलवा. पूर्व जेरुसलेम धरून ती सुमारे सात लाख माणसं आहेत. कोण हलवणार?

नौपाडाकर
१९८२ला सिनाईतून, २००५ला गाझातून इस्रायलनेच हलवली होती.

टेंभीनाका
गाझातून आठ-नऊ हजार. सात लाखांचा हिशेब तुम्ही अजून दिलेला नाही.