शेजाऱ्यांवर इंजेक्शन सोपवण्याआधी

चावऱ्या, मधुमेही बोक्याला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून प्रवासाला जावं का, असं तुम्ही विचारलंय. मला ते धोक्याचं वाटतं. पशुवैद्यांच्या दवाखान्यात ठेवता आला तर उत्तम. घरीच ठेवणार असाल तर सुई टोचायची सवय असलेला माणूस शोधा आणि निघण्याआधी तुमच्यासमोर त्याच्याकडून बोक्याला इन्सुलिन टोचून घ्या. खाण्यात गुंतलेला असताना कुशीची कातडी चिमटीत धरली की बरेच बोके लक्षही देत नाहीत. सिरिंज तुम्हीच आणून ठेवा. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनला यू-१०० ची, म्हणजे १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची सिरिंज वापरली तर मात्रा चुकते. डोस अर्धवट गेला असं वाटलं तरी पुन्हा टोचायचं नाही, आणि जेवलाच नाही तर आधी डॉक्टरांना फोन. झोकांड्या खायला लागला तर रक्तातली साखर फार उतरलेली असू शकते; हिरडीला मध लावून तडक दवाखाना. झटके येत असतील तर तोंडात बोट मुळीच घालू नये.