मदत हवी आहे: दोन वेगळी तिकिटं आणि आईच्या बॅगांचं वजन

नमस्कार मंडळी. ताईच्या बाळंतपणासाठी आई पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला निघाली आहे. पुणे-दिल्ली एक तिकीट, दिल्ली-नेवार्क दुसरं, आणि तिथेच घोळ झालाय. अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण पुणे-दिल्लीला चेक-इनमध्ये फक्त १५ किलो. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर ३१ किलो जादा! दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्यायला हवे होते, हे आता कळतंय.

डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, बाळाची दुपटी... आई रोज काट्यावर बॅग चढवते आणि एकेक डबा बाहेर काढते. काल आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी काढून ठेवली. मला बघवेना.

पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवलं तर देशांतर्गत विमानात वजनाची सवलत मिळते का? कोणी अलीकडे घेतली असेल तर कृपया सांगा. की जादा किलो आधीच ऑनलाइन घेऊन टाकू? मागे ऐनवेळी काउंटरवर पैसे भरताना फार महाग पडलं होतं. एखादी बॅग आधी रेल्वे पार्सलने दिल्लीला पाठवणं कितपत भरवशाचं? आई एकटी आहे, गुडघे दुखतात, म्हणून विचारतेय.